दुखण्याचा वाटा

‘तिमिरयान’ची चौथी आवृत्ती बाजारात आली त्याच दुपारी कोल्हापुरात एका दुकानदाराचा जबडा मोडला. त्याचा दोष एवढाच, की त्याने नव्या आवृत्तीचे खोके काचेच्या कपाटात दर्शनी भागात मांडले होते. मारणारे दोघंही त्याची जुनी गिऱ्हाइकं. एकाने खोका उघडून नियमांचं पुस्तक चाळलं, एका पानावर थांबला, ते पान दुसऱ्याला दाखवलं आणि दुकानदाराला शांतपणे विचारलं, की हे वाचलंस का. दुकानदार नाही म्हणाला. पुढचं सगळं दुकानातल्या कॅमेऱ्यात आलं.

राजुल चौगुलेने ते चित्रण पुण्याच्या ऑफिसात पाहिलं. तिने ते मध्येच थांबवून पुस्तकाचं उघडं पान मोठं करून बघितलं. शंका उरली नाही. ते पान तिनेच लिहिलेलं होतं.

तिमिरयान हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक सूत्रधार गोष्ट पुढे नेतो. बाकीचे एका भरकटलेल्या अंतराळयानावरची माणसं होतात, कुणी नावाडी, कुणी वैद्य, कुणी तोफखान्यावर. फासे पडतात, संकटं येतात, माणसं वाचतात किंवा मरतात. असे खेळ जगात पुष्कळ आहेत. तिमिरयान वेगळा ठरला तो तिसऱ्या आवृत्तीपासून, कारण तिच्या खोक्यात शिरपट्टी आली.

जखम आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोट चेचलं की मज्जातंतू फक्त बातमी पाठवतात. दुखणं तयार होतं मेंदूत, आणि परिस्थिती बघून मेंदू ते कमी-जास्त करतो. म्हणून लढाईत गोळी लागलेला माणूस धावत राहतो आणि तोच माणूस दवाखान्यात सुई टोचताना तोंड फिरवतो. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला एक छोटा भाग या कामात पुढे असतो. शिरपट्टी त्या भागावर, ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा बारीक झोत टाकते. लहरींचा ताल बदलला की तो भाग चेततो किंवा मंदावतो. त्वचेला ओरखडाही न उमटता माणसाला दुखवता येतं. आणि दुखत असलेल्याचं दुखणं उतरवताही येतं.

तिसऱ्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. खेळातल्या तुमच्या पात्राला भाला लागला, की टेबलाच्या मधल्या पडद्यावर आकडा उमटायचा, समजा आठ, आणि तेवढं तुम्हाला दुखायचं. मग बाकीचे तळहात टेबलावर ठेवायचे. पट्ट्या एकमेकींशी जोडल्या जायच्या आणि आठाचे चौघांत दोन-दोन व्हायचे. याला वाटा घेणं म्हणत. आकडा दोनावर आला की सूत्रधार म्हणायचा, जखम मिटली, आणि खेळ पुढे सरकायचा. तोपर्यंत कुणी हात उचलायचा नाही. हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांनीच ते पाळलं. वाटा तोडणाऱ्याला कुठल्याही टेबलावर पुन्हा जागा मिळत नसे.

राजुल मज्जाविज्ञान शिकलेली. कंपनीने तिला खेळणाऱ्यांच्या नोंदी तपासायला घेतलं होतं. तिला दिसलं ते असं. दुखणं ओसरताना शरीर स्वतःची अफू तयार करतं. चार माणसांत ती एकाच क्षणी तयार झाली, की त्यांच्या हृदयाचे ठोके एका चालीने पडू लागतात आणि मेंदू खूण करून ठेवतो, की ही माझी माणसं. सकाळी अनोळखी असलेले लोक संध्याकाळी एकमेकांना घराची किल्ली देत. पण त्या अफूचीही सवय होते. पहिल्या वर्षी पाचावर जे मिळत होतं, त्याला तिसऱ्या वर्षी नऊ लागायचे. सूत्रधार मुद्दाम भयंकर जखमा योजू लागले होते. एका खेळाडूचं हृदय दहाच्या आकड्यावर थांबलं, ते परत सुरू झालं नाही. राजुलने अहवाल दिला. कंपनी घाबरली आणि चौथ्या आवृत्तीचं ते पान तिलाच लिहायला सांगितलं. दुखणं दोनापुढे नाही. वाटा बंद. जुन्या पट्ट्याही त्याच दिवशी दुरून बंद पाडल्या जाणार होत्या.

खेळणारे स्वतःला तिमिरकर म्हणवत. तिमिरकरांनी पहिल्या दिवशी नव्या आवृत्तीला बालवाडी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिची पुस्तकं जाळली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी राजुलचा फोटो शोधून काढला, तिच्या कपाळावर दहाचा आकडा काढला आणि खाली तिच्या इमारतीचं नाव टाकलं. शिव्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण मध्येच एखादा सभ्य, नीट लिहिलेला मजकूर यायचा. नगरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की गेले दोन रविवार आम्ही समोरासमोर बसतो आणि काय बोलावं कळत नाही, तुम्ही आमची मैत्री काढून घेतलीत, ती परत कुठे मागायची तेवढं सांगा.

राजुलने तो मजकूर दोनदा वाचला. नोंदींवरून तिला हे आधी ओळखता यायला हवं होतं. वाट्यातून जुळलेली नाती वाटा थांबल्यावर टिकतील का, हा प्रश्न तिने तपासलाच नव्हता.

तिचा थोरला भाऊ सम्मेद इचलकरंजीत यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करायचा. एकटाच राहायचा. आई गेल्यापासून कामापुरतं बोलायचा. सहा वर्षांपूर्वी तो एका टेबलावर जाऊन बसला आणि बदलला. दिग्विजय नलवडे सूत्रधार, त्याचं टायरचं दुकान. तरन्नुम बाणदार मुलींच्या शाळेत कबड्डी शिकवायची. तापात त्याच्या उशाशी हे दोघं बसले होते, राजुल नाही. चौथ्या आवृत्तीवर सम्मेद तिला एक शब्द बोलला नव्हता. त्याचा फोन आला तो तिसऱ्या आठवड्यात.

तो आधी पाण्याबद्दल बोलला, मग भाडेकरूबद्दल. मग म्हणाला, “काल मी दिग्याच्या कानाखाली मारली.”

“का?”

“चहा ढवळताना चमच्याचा आवाज करतो.”

“सहा वर्षं करतोय की तो.”

“तेच की. काल पहिल्यांदा ऐकू आला. मारल्यावर बरं वाटलं, राजू. त्यालाबी. तरन्नुमनं मग आम्हा दोघांना हाणलं. मग जरा हसलो.”

ही गोष्ट एका टेबलापुरती नव्हती. महिन्याभरात तिमिरकरांच्या मारामाऱ्यांच्या बातम्या जागोजागहून येऊ लागल्या. सांगलीत दोन मित्रांनी एकमेकांची बोटं मोडली, पोलिसांपुढे कुणीच तक्रार केली नाही. मग ‘साडेतीन’ आली. ही आवृत्ती कुणी छापली नाही. चाहत्यांनी नव्या पट्टीचं कुलूप तोडून तिच्यात जुना वाटा बसवला होता. पण नवी पट्टी जुनीपेक्षा एका बाबतीत हुशार होती. खेळता खेळता माणसाला खरोखर काही इजा झाली, तर ते ओळखून खेळ बंद पडावा, म्हणून तिच्यात खरं दुखणं मोजायची सोय होती. ती राजुलच्याच आग्रहाने घातलेली. साडेतीनवाल्यांनी ती सोय उलटी फिरवली, शिवाय हात टेबलावर नसले तरी अंगाला अंग लागताच पट्ट्या जुळतील असं केलं. आता खरा मारही टेबलावर वाटून घेता येत होता. खेळातल्या भाल्यापेक्षा तो हजारपटीने चांगला, असं ते लिहीत. सूत्रधार हातात काठी घेऊन बसू लागले.

पुण्याच्या ऑफिसावर सात-आठ जण चालून आले तेव्हा सगळे जेवायला बसले होते. त्यांनी खेळातल्या शत्रूंचे करडे मुखवटे घातले होते. पहाऱ्यावरच्या माणसाने दार लावायचा प्रयत्न केला, तर त्याचा हात दारात धरून दार दोनदा मिटलं. मग टेबलं उलथली, पडदे फुटले. एकजण सारखा विचारत होता, पानवाली कुठंय, पानवाली. राजुल साहित्याच्या खोलीत खोक्यांमागे बसली होती. दाराच्या फटीतून तिला दिसलं, की पहाऱ्यावरच्या माणसाला लोळवल्यावर त्यांच्यातल्या, झटापटीत मार खाल्लेल्या दोघांनी कपाळाच्या पट्ट्या चाचपल्या आणि एकमेकांना मिठी मारली. मारतानाचा आवेश त्यांच्या अंगावर नव्हताच. देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसांसारखे ते निवांत दिसत होते.

कंपनीने तिला काही दिवस शहराबाहेर जायला सांगितलं. ती इचलकरंजीला आली.

सम्मेदने दार उघडलं तेव्हा त्याचा खालचा ओठ फाटलेला होता. आंघोळ करून तो उघड्या अंगाने बाहेर आला आणि तिला त्याची पाठ दिसली. काठीचे वळ एकावर एक, काही निळे, काही पिवळे पडत आलेले. चौगुल्यांच्या घरात दिवेलागणीनंतर जेवत नसत, किडा-मुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून प्यायचे, आणि त्या घरातला माणूस रविवारी मार खाऊन येत होता.

ती खूप बोलली. हृदय थांबलेल्या खेळाडूबद्दल, सवयीबद्दल, मेंदू कसा फसतो त्याबद्दल. सम्मेद भाकरी मोडत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, की तुझं सगळं खरं असेल, पण तू कधी टेबलावर बसली आहेस का. ती बसली नव्हती. नोंदी तपासणाऱ्याने खेळू नये, असा तिचाच दंडक होता.

“एक डाव ये,” तो म्हणाला. “पुरा डाव. हात न उचलता. मग तू म्हणशील तर पट्टी तुझ्या हातात देतो. पुन्हा बसणार नाही.”

“आणि उचलला तर?”

“तर मला ह्यातलं कधी काही सांगायचं न्हाई.”

तिने अट घातली, की खरा मार चालणार नाही, फक्त खेळातलं दुखणं. सम्मेद हो म्हणाला. तो खोटं बोलतो तेव्हा ताटाकडे बघतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तो ताटाकडेच बघत होता, पण जेवतच होता, म्हणून तिने ते सोडून दिलं. तिला भाऊ परत हवा होता आणि त्यासाठी एक दुपार फार नव्हती.

टेबल सम्मेदच्याच शेडमध्ये होतं. सुट्टीचा दिवस, शेजारचे माग बंद. कोपऱ्यात जुन्या मागांचे सुटे भाग पडलेले. दिग्विजयने तिला हात जोडून या म्हटलं आणि मग सांगितलं, की तुमचा फोटो माझ्या दुकानात लावलाय, टायरवर, हवा भरायला आलेली पोरं त्यावर थुंकतात. तरन्नुमने त्याला गप्प केलं आणि राजुलच्या कपाळाची पट्टी स्वतः नीट बसवून दिली. तिची बोटं खरखरीत होती. “घाबरू नगंस,” ती म्हणाली, “पहिल्यांदा समदे रडत्यात.”

दिग्विजय वाईट सूत्रधार नव्हता. त्याने आवाज खाली आणला आणि शेडमध्ये खरोखर काळोख पसरल्यासारखं वाटलं. यानाचं पाणी संपत आलंय. एका मेलेल्या ग्रहाभोवती बर्फाचं कडं आहे. बर्फ आणायला कुणीतरी बाहेर जायला हवं. राजुलला त्यांनी वैद्य केलं होतं, सम्मेद नावाडी. पहिली जखम तरन्नुमच्या पात्राला झाली, बर्फाची फाक मांडीत घुसली. आकडा आला सात. तरन्नुमने दात आवळले. सम्मेदने हात ठेवला, दिग्विजयने ठेवला. राजुलने ठेवला.

तिला मांडीत काही टोचलं नाही. पट्टी किती ते पोहोचवते, कुठे ते नाही. दुखणं सगळ्या अंगातून उगवल्यासारखं आलं, तिचा श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावरचा आकडा पाच झाला, तीन झाला. मग काहीतरी सैल सुटलं. छातीत ऊब पसरली. तिने मान वर केली तर समोर तरन्नुम होती, घामाने कपाळाला केस चिकटलेले, आणि राजुलला वाटलं, की ही बाई आपण जन्मभर ओळखतो. तिला दिग्विजयही आवडला. टायरवरच्या फोटोचं तिला हसू आलं. आपण लिहिलेलं पान चुकीचं होतं का, हा विचार तिच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला, आणि तो विचार कशातून आला हे ठाऊक असूनही तो जाईना.

डाव तासभर चालला. शेवटी ग्रहाच्या सावलीतून शत्रूचं यान आलं. त्याच्या तोफेसमोर वैद्य उभी, म्हणजे राजुल. दिग्विजयने विचारलं, कुणी मध्ये पडतंय का. सम्मेद म्हणाला, नावाडी पडतो. त्याची आणि दिग्विजयची नजरानजर झाली. सम्मेदने किंचित मान हलवली आणि हात वर करून डावी बाजू मोकळी केली.

दिग्विजय उठेपर्यंत राजुलला काही कळलं नव्हतं. त्याने कोपऱ्यातला धोटा उचलला. जुन्या मागावर ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडे फिरायचा तो, हातभर लांबीचं जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. दिग्विजयने तो दोन्ही हातांत धरला आणि पूर्ण अंग वळवून सम्मेदच्या डाव्या बरगड्यांखाली हाणला.

आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आला. सम्मेद टेबलावर वाकला. आकडा नऊ.

“वाटा,” दिग्विजय म्हणाला आणि धोटा टेबलावर ठेवून बसला. तिघांचे हात टेबलावर आले. राजुलचाही आला. आधी आला आणि मग तिने विचार केला.

या वेळचं दुखणं वेगळं होतं, जाड, खोल, मळमळवणारं. पण तेही वाटलं गेलं. सात. पाच. सम्मेद हळूहळू सरळ बसला. चार. तो तिच्याकडे बघून हसला. तीन. तरन्नुमने डोळे मिटून मान मागे टाकली. आकडा दोनावर आला आणि दिग्विजय म्हणाला, “जखम मिटली.”

कुणीच हात उचलला नाही. उबेचा भाग आता यायचा होता, तो घेऊनच उठायचं अशी रीत. राजुलच्याही छातीत ती ऊब चढत होती. तिने भावाकडे पाहिलं. तो अजून हसत होता. त्याचे ओठ मात्र पांढरे पडले होते. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते आणि मानेची शीर भराभर उडत होती.

आकडा परत तीन झाला. मग लगेच दोन. दुखणं आतून वाढत होतं आणि पट्ट्या ते चौघांत पसरवून देत होत्या.

दुखणं हा निरोप असतो. आत काहीतरी फुटलं असेल तर ते सांगणारं शरीराकडे दुसरं काही नाही. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, पिकल्या फळासारखी मऊ आणि रक्ताने भरलेली. ती फाटली तर बाहेर थेंबही दिसत नाही, रक्त पोटात साचत जातं. टेबलावरच्या तिघांना समोर दोनाचा आकडा दिसत होता. सहा वर्षं त्यांनी तो आकडा बघून जखम मिटल्याचं मानलं होतं. आताही मानत होते.

राजुल म्हणाली, की याची पट्टी काढायला हवी. याला कुठे दुखतंय ते याला कळायला हवं. दिग्विजय म्हणाला, आकडा बघ. ती म्हणाली, आकड्याला आग लाव, त्याचा चेहरा बघ.

“राजू,” सम्मेद म्हणाला. आवाज झोपेत असल्यासारखा होता. “पुरा डाव म्हणालो होतो.”

“दादा, तुझ्या पोटात रक्त साचतंय.”

“न्हाई दुखत. खरंच न्हाई दुखत.”

तिने हात उचलला.

तिघांच्याही तोंडून एकदम श्वास बाहेर पडला, कारण तिचा वाटा त्यांच्यावर चढला. ती सम्मेदच्या पट्टीला हात घालणार तोच तरन्नुमने तिचं मनगट पकडून पिरगाळलं. कबड्डी शिकवणारे हात होते ते. राजुलचं तोंड टेबलावर आपटलं, दाताने ओठ फाटला. फाटलेल्या ओठाचं दुखणं त्या पकडीतून पट्टीने तिघांना दिलं आणि तरन्नुमच स्वतः कळवळली, पण तिने हात सोडला नाही. ती रडत होती. वाटा तोडू नगंस, एवढंच परत परत म्हणत होती.

राजुलने मोकळ्या हाताने धोटा उचलला. तिने आयुष्यात कुणाला मारलेलं नव्हतं. तरन्नुमच्या कोपरावर लोखंडी टोपी बसली. हाडाचा आवाज आला आणि तोच घाव राजुलच्या अंगात उसळला, दिग्विजयच्या, सम्मेदच्याही. क्षणभर चौघंही एकच आवाज काढून ओरडले. दिग्विजय टेबलावरून तिच्यावर आला. त्याने तिचे केस धरले. तिने धोटा त्याच्या तोंडावर मारला, आणि आपल्याच तोंडात दात फुटल्यासारखं तिला झालं. तिला धोटा टाकावासा वाटला, आणि त्याच वेळी तिला या माणसाचे पाय धरून क्षमा मागावीशी वाटली, ती पट्टीची करामत होती आणि तरीही वाटणं खरं होतं. तिने परत मारला. दिग्विजय मागची खुर्ची पाडत खाली पडला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

मग तिने सम्मेदच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली.

क्षणभर काहीच झालं नाही. सम्मेदने आश्चर्याने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग तो ओरडला. तो खुर्चीतून खाली आला, गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर वळला, आणि उजव्या हाताने डावा खांदा दाबू लागला.

“खांदा,” तो म्हणाला. “खांद्याला काय केलंस? खांदा जळतोय.”

त्याच्या खांद्याला कुणी हात लावला नव्हता. पोटातलं रक्त श्वासपटलाला खालून टेकलं, की तिथली शीर मानेपर्यंत बातमी नेते. मानेत तिचं आणि खांद्याचं मूळ एकच, म्हणून मेंदू फसतो आणि खांदा दुखतो असं सांगतो. राजुल हे परीक्षेसाठी शिकली होती. तिने फोन केला. डाव्या बरगड्यांखाली मार, डाव्या खांद्यात दुखणं, ओठ पांढरे, एवढंच सांगितलं. पलीकडून एका डॉक्टरबाईने पुढचं काही न विचारता सांगितलं, की त्याला हलवू नका, गाडी निघाली, आम्ही शस्त्रक्रियेची तयारी करतो.

दिग्विजय नाक धरून भिंतीला टेकला होता. तरन्नुम मोडका हात मांडीवर घेऊन सम्मेदजवळ सरकली. तिने राजुलच्या मुठीतल्या पट्टीकडे बघितलं.

“तेवढी लाव त्याला,” ती म्हणाली. “गाडी येईस्तोवर. आम्ही दोघं घेतो समदं. तू नगं घेऊस.”

“त्याला कुठं दुखतंय ते डॉक्टरच्या हाताला लागायला पाहिजे.”

“मरतोय गं तो.”

“हो. म्हणून.”

सम्मेदने हे ऐकलं. त्याने पट्टीकडे हात लांबवला. तिने ती मागे घेतली. तेव्हा तो तिला जे बोलला ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मग शिव्या संपल्या आणि तो नुसता मागू लागला. एकदा लाव, राजू. जरा वेळ लाव. मी तुझं सगळं ऐकतो. तिने स्वतःची पट्टीही काढली, दोन्ही शेडच्या फरशीवर ठेवल्या आणि धोट्याने फोडल्या. दिग्विजयने तोंड फिरवलं.

गाडीत तिला त्याच्या डोक्याशी बसू दिलं. रस्त्याला खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याला सम्मेद ओरडत होता. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरबाईने पोटावर बोटं टेकवली, तो कळवळला तिथे थांबली आणि चालकाला आणखी जोरात घ्यायला सांगितलं. सर्जन नंतर म्हणणार होता, की तासभर उशीर झाला असता तर रक्त देऊनही उपयोग नव्हता. त्या वेळी गाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी एवढंच सांगितलं, की त्याला बोलतं ठेवा, ओरडला तरी चालेल, गप्प व्हायला नको.

तो गप्प होऊ लागला की राजुल विचारायची, कुठे दुखतंय. तो शिवी देऊन सांगायचा. खांदा. पोट. पाठ. मग त्याने तिचं मनगट धरलं, तरन्नुमने पिरगाळलं होतं तेच, आणि सगळ्या ताकदीने आवळलं. नखं कातडीत रुतली, रक्त आलं. त्याने तिच्याकडे आशेने बघितलं, टेबलावर हात ठेवणारे जसे पडद्याकडे बघतात तसं.

“कमी झालं का?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

त्याने मनगट सोडलं नाही. तिने ते सोडवून घेतलं नाही. पुढचा खड्डा आला.